बोर्डावरून सड्यावर

यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग आधी होतं, भाग नंतर. वनस्पतीचं उलट. ती आयती समोर उभी असते आणि आपण मागाहून तिचं ड्रॉइंग करायला बसतो. भोसरीच्या एका कारखान्यात ट्रेसिंग करत होतो तेव्हा असलं काही सुचायचं कारणच नव्हतं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, रॉटरिंगची पेनं हातात बसली, अमोनिया प्रिंटचा वास अंगवळणी पडला. मग ऑटोकॅड आलं आणि आमच्या बोर्डांवर धूळ साचू लागली. त्याच सुमारास ओळखीतल्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी विचारलं, "फुलं काढाल का हो?" मी म्हटलं, मापं घेता येत असतील तर काढीन.

त्यांना चित्रकार नकोच होता. नव्या जातीच्या वर्णनासोबत जे रेखाचित्र छापतात, ते सुंदर असलं तर उत्तम. पण त्यावरून दुसऱ्या माणसाला ती जात ओळखता आली पाहिजे.

गेंदाचंच घ्या. पावसाळा सरता सरता कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर पांढऱ्या बटणांसारखे दिसतात, ते. शास्त्रीय नाव इरिओकॉलॉन. एकेक बटण म्हणजे नर आणि मादी फुलांचा दाटलेला गुच्छ, आणि त्यातलं फूल जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं. लांबून सगळे गेंद सारखेच. मादी फुलाला निदलं दोन की तीन, त्यांच्या पाठीला पंखासारखी कड आहे का, पाकळीच्या टोकाशी काळी ग्रंथी आहे का, बीच्या सालीवर नक्षी कसली, अशा गोष्टींवर जात ठरते. हर्बेरियमच्या शीटवरचा वाळका गुच्छ पाण्यात उकळून मऊ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं एकेक भाग सोडवायचा आणि कॅमेरा ल्युसिडातून कागदावर उतरवायचा. इथं माझा जुना हात कामी आला. छेद कुठून घ्यायचा, कुठली रेघ जाड, कुठली बारीक, स्केल कुठं टाकायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. छटा मात्र ठिपक्यांनी द्यायला शिकलो. तिरप्या रेघा मारल्या तर बघणारा त्यांना शिरा समजतो.

जड गेलं ते वेगळंच. कारखान्यात ठरल्या मापाबाहेरचा भाग भंगारात जायचा. इथं एकाच गुच्छात एका फुलाचं तिसरं निदल ठसठशीत, शेजारच्याचं अगदी केसासारखं. मग काढायचं कुठलं? चार ठिकाणच्या शीट काढून बघायच्या, बाईंशी वाद घालायचा. त्या वादातच मी वनस्पतिशास्त्र शिकलो म्हणा ना.

या विषयात आडवाटेनं आलेल्यांची जुनी परंपरा आहे. मुंबईच्या वनस्पतींची सूची 1839 साली छापली गेली. ती करणारे जॉन ग्रॅहॅम डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होते. 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिणारे थिओडोर कुक मूळचे स्थापत्य अभियंता. वसईच्या खाडीवर रेल्वेचा लोखंडी पूल बांधला, पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि हा ग्रंथ निवृत्तीनंतर, 1901 ते 1908 या काळात, भागाभागानं प्रसिद्ध झाला. खंडाळ्याच्या वनस्पतींवर लिहिणारे सांतापाव तर जेझुइट पाद्री. कुकांची वर्णनं वाचताना मला आतला इंजिनिअर जाणवतो. माझा पक्षपात असेल कदाचित.

हल्ली मुलं विचारतात, या लाइनला यायचं तर कोर्स कुठला? मी आधी भिजवलेला गुच्छ आणि सुई हातात देतो. बीएस्सी असो की बीकॉम, फूल सुटं होतंय की चुरा होतोय ते लगेच दिसतं. ज्यांना जमतं त्यांनाच पुढचं सांगतो: नोकरी प्रकल्पापुरती असते, मुदतवाढीची पत्रं उशिरा येतात, आणि घर चालवायला मी आजही संध्याकाळी एका वर्कशॉपची ड्रॉइंगं तपासून देतो. ऑटोकॅडवरच.