आधी व्याख्या, मग सर्टिफिकेट

क्लस्टरवर सर्ट-मॅनेजर बसवून टीएलएस सर्टिफिकेटं आपोआप मिळतील अशी व्यवस्था करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पॉड, सर्व्हिस आणि डिप्लॉयमेंट यांच्या पलीकडचं कुबरनेटीस मला ठाऊक नव्हतं. ‘सर्टिफिकेट’ हा प्रकार त्यात मुळात नसतोच. तो क्लस्टरला आधी शिकवावा लागतो. त्यासाठी असते सीआरडी, म्हणजे कस्टम रिसोर्स डेफिनिशन: नव्या प्रकाराची व्याख्या. २०१७ मध्ये १.७ या आवृत्तीत ही सोय आली. त्या व्याख्येबरहुकूम लिहिलेलं एखादं सर्टिफिकेट म्हणजे कस्टम रिसोर्स. दोन्ही दिसायला साध्या यॅमल फायली, पण पहिलीवाचून दुसरी उभी राहत नाही.

आमचं नेटवर्क, डेटाबेस, सगळं टेराफॉर्ममध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरुवात केली. टेराफॉर्म आधी ‘प्लॅन’ दाखवतो, मग ‘अप्लाय’ करतो. कस्टम रिसोर्ससाठी कुबरनेटीस मॅनिफेस्ट नावाचा ब्लॉक असतो आणि तो प्लॅनच्या वेळीच क्लस्टरला विचारतो, की हा प्रकार तुझ्याकडे आहे का? सीआरडी त्याच फायलीत चार ओळी वर लिहिलेली असली तरी क्लस्टरवर ती अजून पोचलेली नसते. मी ‘डिपेंड्स ऑन’ लावून पाहिलं. तो क्रम अप्लायसाठी असतो. माझं काम प्लॅनलाच थांबलं होतं. म्हणजे दोन वेगळे प्रकल्प, दोन वेगळे अप्लाय.

मग हेल्म. चार्टमधल्या ‘सीआरडीज’ फोल्डरात व्याख्या ठेवल्या की त्या सर्वांआधी बसतात. हे पाहून हायसं वाटलं. पण चार्ट अपग्रेड केला तरी हेल्म ३ त्या व्याख्यांना हात लावत नाही, अनइन्स्टॉल केला तरी पुसत नाही. मला हे अर्धवट काम वाटलं. कारण वाचलं आणि मत बदललं: सीआरडी पुसली की त्या प्रकारचे सगळे रिसोर्स, प्रत्येक नेमस्पेसमधले, तिच्याबरोबर जातात. इतकं नुकसान टाळण्यासाठी घेतलेली ही काळजी मला पटते.

पुलुमीत सीआरडीवरून टाइप तयार करता येतात, फील्डचं नाव चुकलं तर एडिटरच सांगतो. मला ते फार आवडलं, पण टीमने नवं साधन शिकावं इतकं हे काम मोठं नव्हतं.

सीआरडी आधी बसवूनही ‘इश्युअर’, म्हणजे सर्टिफिकेट कोणाकडून घ्यायचं ते सांगणारा रिसोर्स, नाकारला गेला, तेव्हा आणखी एक पायरी कळली. सर्ट-मॅनेजरचा वेबहुक त्याच्या प्रकारांचा प्रत्येक रिसोर्स तपासतो, आणि त्याचा पॉड तयार नसेल तर उत्तर द्यायला कोणीच नसतं. म्हणजे व्याख्या, मग कंट्रोलर व वेबहुक, मग रिसोर्स.

हा क्रम गिटमधल्या फायली क्लस्टरवर लावणाऱ्या आर्गो सीडीच्या सिंक वेव्हमध्ये सरळ आकड्यांनी लिहिता येतो. आधीची वेव्ह निरोगी झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. शिवाय हेल्म चार्टमधल्या सीआरडीही आर्गो प्रत्येक सिंकला लावतो, त्यामुळे त्या जुन्या राहत नाहीत. म्हणून टेराफॉर्मकडे क्लस्टर आणि आर्गोची उभारणी ठेवली, बाकी सारं आर्गोकडे दिलं. सीआरडींवर ‘प्रून फॉल्स’ ही खूण लावली आहे: गिटमधून फाईल गेली तरी आर्गो क्लस्टरवरची व्याख्या पुसणार नाही.