पाठ केलेला ‘सेट’

इंग्रजीच्या अनियमित क्रियापदांत ‘सेट’इतकं सोपं क्रियापद दुसरं नाही, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. तिन्ही रूपं सारखी : सेट-सेट-सेट. कट, पुट, हिट यांच्या रांगेत मुलांनी ते एका सुरात म्हणायचं, शेजारी ‘ठेवणे, मांडणे’ असा अर्थ लिहायचा, की झालं. निफाड तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. या एका क्रियापदापायी माझ्या हातून मुलांवर अन्याय झाला. तो लिहून ठेवते आहे, कारण असं शिकवणारी मी एकटी नाही.

मी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आमची पिढी त्याच्या आधीची. घरातली मोठी माणसं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेली. त्या शिकवणीनं मला वाक्यरचनेची शिस्त लावली, हे तिचं ऋण मी मानते. पण त्यातून मी एक चुकीची समजूत धरून बसले : प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द असतो, तो पाठ केला की शब्द आला.

नोव्हेंबरअखेरच्या चाचणीत नववीला ‘अवर फार्म’ या विषयावर निबंध होता. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलं द्राक्षबागायतदारांची. त्यातल्या एकानं लिहिलं होतं, ‘द ग्रेप्स हॅव सेट. नाऊ वुई विल डिप द बंचेस.’ मी पहिल्या वाक्यावर लाल रेघ मारली, वर लिहिलं, ‘माय फादर हॅज सेट द ग्रेप्स’, आणि अर्धा गुण कापला. वह्या वाटल्या तेव्हा तो उभा राहिला.

‘‘मॅडम, पप्पा नाही करत सेट. फुलोऱ्यानंतर मणी आपोआप सेट होतात.’’

‘‘सेटला कर्म लागतं. बस खाली,’’ मी म्हणाले.

‘द सन सेट्स’ मला येत होतं. पण तो सूर्यापुरता अपवाद, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. मुलगा काय सांगतोय, हे मी ऐकलंच नाही. त्याच्या नीट वाक्यातून मी असं वाक्य केलं की त्याच्या वडिलांनी वेलीवर एकेक मणी आणून ठेवला.

पुढे गृहभेटीच्या निमित्तानं त्यांच्या बागेत गेले. मंडपाखाली डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, चाललं होतं. मुलाच्या वडिलांनी आधी मला मागाहून छाटलेल्या प्लॉटमधला फुलोऱ्यातला घड दाखवला. घडाखाली तळहात धरून त्यांनी देठाला टिचकी मारली, तशी फुलांच्या बारीक हिरव्या टोप्या आणि न धरलेली फुलं हातावर पडली. मग आधी छाटलेल्या प्लॉटमधला घड तसाच हलवला. काही पडलं नाही. मणी ज्वारीएवढे झालेले, देठाला घट्ट. ‘‘गळायचं ते गळून गेलं, मॅडम. राहिलं ते सेट. आता हे काढणीपर्यंत आपले.’’

त्या शब्दावर केवढं अवलंबून आहे, ते त्यांनी मला सांगितलं. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षात मणी फुगवायला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वापरतात. मणी तीन-चार मिलिमीटरचे झाले की साधारण ४० पीपीएमचं द्रावण, म्हणजे १०० लिटर पाण्याला ४ ग्रॅम. पण तेच जीए ऐन फुलोऱ्यात गेलं तर फुलांची गळ होते, मणी कमी धरतात. औषध एकच, सेट होण्याआधी दिलं तर घड विरळ करतं, नंतर दिलं तर मणी मोठे करतं. त्यांच्याकडच्या इंग्रजी माहितीपत्रकात टप्प्याचं नावच ‘फ्रूट सेट’ होतं. ज्या शब्दावर त्या घराचं वर्षाचं उत्पन्न ठरतं, तो त्या घरातल्या मुलाला बरोबर येत होता आणि त्याच्या इंग्रजीच्या बाईंना येत नव्हता.

घरी येऊन शब्दकोश उघडला. फळ धरणं हा ‘सेट’चा सरळ नोंदलेला अर्थ आहे, आणि तिथे कर्म लागत नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद याच क्रियापदाची होती. अर्थ चारशेहून अधिक. पुढे सुधारित आवृत्तीच्या कामात ‘रन’नं त्याला मागं टाकलं. मी ज्याला सगळ्यांत सोपं म्हणत होते, ते कोशकारांना सगळ्यांत जड गेलेल्या शब्दांपैकी एक होतं. रूपं सोपी म्हणून शब्द सोपा, हा माझा हिशेबच चुकीचा होता.

कोशातली व्युत्पत्ती वाचली आणि वाटलं, हे आपल्या घरचंच आहे. ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे, जसं आपलं बसणे-बसवणे. ‘फॉल’ आणि ‘फेल’ ही जोडी तशीच : पडणे-पाडणे. मग मी ‘बसवणे’ घेऊन बसले. मोडलेलं हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, गाणं चालीत बसवतात. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालतं. आमची मुलं हे मराठी अर्थ पाठ करत नाहीत. आईच्या, सोनाराच्या, भजनी मंडळाच्या तोंडून ते त्यांच्याकडे आलेले असतात. अनेक अर्थांचं क्रियापद कसं वापरायचं, ही विद्या मूल घरून घेऊनच शाळेत येतं. मी ती वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावत होते.

हे लक्षात आल्यावर एक जुनी गोष्ट फार बोचली. एका मुलीनं घसा बसला म्हणून ‘माय थ्रोट सॅट’ असं लिहिलं होतं. मी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर ती मुलगी इंग्रजीच्या तासाला आपणहून बोलेनाशी झाली. वाक्य चूकच होतं, पण विचार चूक नव्हता. आपल्या क्रियापदाचा पसारा तिनं दुसऱ्या भाषेत नेऊन पाहिला होता. शिकणाऱ्यानं आणखी काय करायचं असतं? तिला मी म्हणायला हवं होतं, ‘तुझी वाट बरोबर आहे, फक्त या ठिकाणी ती पोचत नाही.’ ती शाळा सोडून गेली. तिला हे सांगायचं राहून गेलं.

त्या मुलाचा अर्धा गुण मी सगळ्या वर्गासमोर परत दिला आणि चूक माझी होती हेही सांगितलं. तेव्हापासून ‘सेट’चा तास वेगळा घेते. फळ्यावर अर्थ लिहीत नाही. विचारते, काय काय सेट होतं आणि कोण काय सेट करतं? मुलं घरून आणतात. गवंड्याच्या मुलीनं सिमेंट आणलं आणि वर समजावलं, की सेट झालं म्हणजे पक्कं झालं असं नाही, त्यानंतरही दिवसचे दिवस पाणी मारावं लागतं. द्राक्षवाल्यांनी लगेच जोड दिली : मणी सेट होणं म्हणजे पिकणं नव्हे. पातळ होतं ते घट्ट झालं, गळणारं होतं ते टिकलं, बोलाचाली चालू होती तो दर ठरला. हलतं ते स्थिर होणं हा धागा मुलांच्या हाती लागतो.

धागा सगळीकडे पुरत नाही, हेही त्यांना दाखवते. ‘सेट ऑफ’मध्ये माणूस उलट निघतो. निफाडला पारा उतरतो, पहाटे बागांतून शेकोट्या पेटतात, तेव्हा थंडी ‘सेट इन’ झाली म्हणायचं. पण नुसतं ‘द कोल्ड हॅज सेट’ म्हटलं तर चालत नाही. दही लागतं ते सेट होतं, विश्वास बसतो तो होत नाही. नाटक बसवतात आणि गणपती बसवतात, तिथेही ‘सेट’ नाही. कुठे जुळतं आणि कुठे नाही, हे आम्ही कोश उघडून एकत्र ठरवतो. मला येत नसेल तर तसं सांगते. आधी हे सांगणं मला कमीपणाचं वाटायचं, आणि माझ्या चुकांचं मूळ तिथेच होतं.

आता तीच तिन्ही रूपं शिकवते, परीक्षेला ती लागतातच. पण निबंधात न ओळखीचं वाक्य दिसलं, की लाल पेन बाजूला ठेवून आधी त्या मुलाला जवळ बोलावते आणि विचारते, हे तू कोणाकडून ऐकलंस, कुठल्या कामात ऐकलंस? पुष्कळदा वाक्य चुकलेलंच असतं आणि मी ते दुरुस्त करते. पण विचारल्याशिवाय नाही.