ताण

पहाडगंजात, नूतन मराठी शाळेपासून जवळच राहणारे एक गृहस्थ भाषांतरावर उपजीविका करीत. हिंदी मजकूर मराठीत आणताना 'तनाव' या शब्दापाशी ते हमखास थबकत. दोन राष्ट्रांमधील तनाव मराठीत 'तणाव' होई. दंगलीनंतरच्या मोहल्ल्यातील 'तनावपूर्ण' वातावरण मात्र 'तंग' होई. हा तंग फारसीतून आलेला. मूळ अर्थ अरुंद. मराठीत तो अंगरख्याला लागला, आणि घोड्याच्या पोटपट्ट्याचे नावही तंगच. हिंदीत 'तंग करना' म्हणजे छळणे, आणि 'तंगी' म्हणजे पैशाची चणचण, जिला मराठी घरात बहुधा ओढाताण म्हणतात.

असे हिशेब त्यांना पाठ होते. घट्ट म्हणावे ते गाठीला, मैत्रीला आणि दह्यालाही; आवळावी ती दोरी; कसावी ती कंबर; ताठ असावी ती मान. समानार्थी शब्द शेजारी राहतात, पण एकमेकांच्या घरात नांदत नाहीत.

एका हिवाळ्यात साताऱ्याहून त्यांची आई राहावयास आली. एके सायंकाळी, गृहस्थ बाहेर असताना, ती नातवाला म्हणाली, "बाळा, छातीपासून हातापर्यंत ताण बसतोय रे." दिल्लीत वाढलेल्या नातवाने तिला जवळच्या डॉक्टरांकडे नेले व प्रामाणिकपणे सांगितले, "दादी को बहुत तनाव है." डॉक्टरांनी घरच्या काळज्यांची चौकशी केली आणि झोपेची गोळी दिली. रात्री गृहस्थ परतले. आईने तेच वाक्य पुन्हा उच्चारले, तेव्हा त्यांनी तिला तडक इस्पितळात नेले. हृदयविकाराचा झटका होता. ती वाचली.

नातवाचे मराठी चुकले नव्हते, हिंदीही चुकले नव्हते. दोन्ही शब्द संस्कृत 'तन्' या एकाच धातूचे. तंतू आणि गवयाची तानही त्याच कुळातील. पण आजीचा ताण दोरीचा आणि स्नायूचा होता. शहरातील तनाव मनात जाऊन बसला होता. गेल्या काही दशकांत मराठी ताणही त्याच वाटेने निघाला आहे.

घरी आल्यावर, रात्रीची जागरणे करून दमलेल्या मुलाला आई म्हणाली, "आता तरी जरा ताणून दे." नातू दचकला. ताणून देणे म्हणजे निश्चिंत झोपणे, हे त्याला त्या दिवशी समजले. वडिलांच्या मेजावरील कोशात तो अर्थ होता. घरात तो सांगावयाचा राहून गेला होता.