अक्ष तोडायची परवानगी

आलेखांच्या बाबतीत माझ्यावर दोन माणसांचं ऋण आहे. एक आमच्या शेजारचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आरेखक. दुसरा जॉन हंटर, ज्याला मी कधी पाहिलंही नाही. काकांना पायथॉन ठाऊक नव्हतं आणि हंटरला नाशिकचं गंगापूर धरण. तरी माझ्या कामात दोघांची गाठ पडत राहते.

आम्ही राहायचो दिंडोरी रोडला, 'मेरी'च्या जवळ. 1959 साली स्थापन झालेल्या या अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा उपयोग बहुतेक नाशिककरांना रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरता. काकांच्या घरी मात्र टेबलावर ट्रेसिंग क्लॉथ पसरलेलं असे, शेजारी रोट्रिंगची पेनं आणि शाई खरवडायला दाढीचं अर्धं ब्लेड. निवृत्तीनंतरही ते हौसेनं धरणाच्या पातळीचे आलेख काढत. मला संगणकावर आलेख काढायचं काम मिळालं तेव्हा मी त्यांच्याकडेच गेले.

धरणाचं पाणी मोजतात तलांकात, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत. आपलं नाशिकच मुळात सहाशे मीटरच्या आसपास. पावसाळ्यात पातळी वरखाली होते ती थोड्याच मीटरांनी. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर जवळजवळ सगळा कागद कोरा आणि जे बघायचं ते वरच्या कडेला मुंगीएवढं. म्हणून काका अक्षाच्या बुडाशी नागमोडी खूण करत आणि तिच्याजवळ बारीक, सुबक अक्षरात किती मीटर वगळले ते लिहीत. खूण ठळक, अक्षर बारीक. उलटं केलेलं त्यांना चालत नसे.

पावसाच्या आलेखात असा अक्ष तोडायला मात्र त्यांची परवानगी नव्हती. आपला जिल्हा मोठा विचित्र. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि येवला, मालेगावकडे पाचशेच्या आसपास. स्तंभ शेजारी शेजारी उभे केले की येवला बिचारा जमिनीलगत. मी विचारलं, ''काका, इगतपुरीचा स्तंभ मधे तोडला तर बाकीचे तालुके नीट दिसतील ना?''

''तोडलास तर इगतपुरी येवल्याच्या दुप्पट दिसेल. आहे किती? सहापट. मग स्तंभ काढलास कशाला? आकडे लिही की नुसते!''

पातळीची रेषा आपण चढउतारासाठी वाचतो, स्तंभ उंचीसाठी. जिथे उंची हेच म्हणणं, तिथे कात्री लावायची नाही. इतका साधा नियम, आणि तो मोडणारे आलेख दर पावसाळ्यात छापून येतात.

हंटरची गाठ पुढे पडली. हा अमेरिकन माणूस मेंदूविज्ञानातला. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पडद्यावर बघता यावेत म्हणून तो धडपडत होता. त्यातून मॅटप्लॉटलिब हे पायथॉनमधलं आलेख काढायचं साधन उभं राहिलं, 2003 मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं, आणि त्यानं ते सगळ्यांना फुकट दिलं. ऑगस्ट 2012 मध्ये, वयाच्या 44व्या वर्षी, तो कर्करोगाच्या उपचारांदरम्यान गेला. त्याच्या दोन-चार ओळींवर माझ्यासारख्या कितीजणींचा पगार चालतो, हे त्याला कळायला हवं होतं.

मॅटप्लॉटलिबमध्ये 'अक्ष तोड' अशी थेट आज्ञा नाही. एकावर एक दोन चौकटी मांडायच्या, दोन्हींत तीच माहिती काढायची, वरच्या चौकटीला वरची मर्यादा द्यायची, खालचीला खालची. मग मधल्या दोन्ही कडा लपवायच्या आणि टोकांना छोट्या तिरक्या रेघा मारायच्या. दिसतो एक आलेख, असतात दोन. काकांना हे पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पट्टी मागितली आणि थेट पडद्यालाच लावली. ''वरचा सेंटिमीटर आणि खालचा सेंटिमीटर सारखाच का?''

दोन्ही चौकटी समान उंचीच्या ठेवल्या आणि त्यांच्या मर्यादांमधलं अंतर वेगवेगळं असलं, तर सारखा नसतो. एकाच चित्रात दोन मापं होतात आणि रेषेचा चढ फसवा दिसतो. चौकटींची उंची त्यांच्या मर्यादांमधल्या अंतराच्या प्रमाणात ठेवली की झालं. एका ओळीचं काम आहे. पण हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकानं विचारला नव्हता.

पुराच्या विसर्गाचं काकांनी वेगळंच सांगितलं: अक्ष तोडू नकोस, दोन आलेख काढ. एकात अख्खा पूर, खाली दुसऱ्यात रोजचं पाणी. नाशिककर तेच करत आलेत. गोदेचा पूर आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो: गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुती बुडाला की दुसरी पट्टी घेतो: नारोशंकराची घंटा, सराफ बाजार, सरकारवाड्याच्या पायऱ्या. 1969, 2008, 2016, 2019 या पुरांच्या गप्पा ऐका. पट्टी कुठे बदलली हे सांगणारा आपणहून सांगतो.

काका गेले. त्यांचे काही आलेख घरच्यांनी मला दिले, बाकीचे रद्दीत गेले. नाशकात पाटबंधारे खात्यातली निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. कुणाच्या माळ्यावर अशी ट्रेसिंगची गुंडाळी असेल तर विकण्याआधी निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कडेचं बारीक अक्षर वाचता येईल असा.