वेळेला धावून येणारं पॉवर हाउस

बोरघाट उतरलं की पायथ्याशी खोपोलीचं पॉवर हाउस. टाटांचं. त्याचं सगळं कुळ पावसाचं. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत साठलेलं सह्याद्रीचं पाणी पोलादी पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली झेपावतं, इथे वीज देतं आणि पाताळगंगेला मिळतं. १९१५ मध्ये ते सुरू झालं. जमशेटजींनी ज्या विजेचा ध्यास घेतला, ती पाहायला ते नव्हते. पण मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पावसावर चालायची सोय झाली.

स्वभावानं हे तत्पर. कोळशाच्या वीजकेंद्राला थंड पडल्यावर पुन्हा उठायला तासन्‌तास लागतात. हे काही मिनिटांत कामाला लागतं. संध्याकाळी मुंबईची मागणी चढली की हाक याला.

त्याचं काळीज म्हणजे पेल्टन चाक. पोलादी चाकाच्या कडेनं जोडवाट्या, आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध धारदार कणा. नोझलमधून सुटलेली धार कण्यावर दुभंगते, दोन्ही वाट्यांतून वळून मागे फिरते आणि आपला जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन खाली पडते. पाण्यातल्या बारीक वाळूनं हा कणा झिजतो, वाट्यांचं पोट खडबडीत होतं. मग माणसं वेल्डिंगनं भर घालून, घासून घासून त्याला पुन्हा आकारात आणतात. हे घासणं हातानं शिकायचं काम आहे.

काळाप्रमाणे यंत्रं बदलली, क्षमता ७२ मेगावॉटवर गेली. बदलायलाच हवीत, चालतं वीजघर हाच खरा वारसा. पण निघालेलं चाक भंगारात जाऊ नये, हातानं लिहिलेली लॉगबुकं वाळवीला मिळू नयेत. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारे ऑपरेटर निवृत्त होतात, त्यांच्याजवळ बसून ते सगळं आत्ताच उतरवून घेतलं पाहिजे. इमारतीला रंग काय, कधीही देता येतो.

आणि याच्या भावंडांना, टाटांच्या दुसऱ्या वीजघरांनाही विसरून चालणार नाही. भिवपुरी १९२२ चं, भिरा १९२७ चं. भिऱ्याला पाणी येतं मुळशी धरणाचं. त्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी १९२१ पासून सेनापती बापटांसोबत लढले, तुरुंगात गेले; तरी गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेलीच. उद्या भिऱ्यात संग्रहालय झालं, तर पहिल्या दालनात टर्बाइनच्या शेजारी त्या गावांची नावं लागली पाहिजेत. एकूण एक, आणि ठळक अक्षरांत.