अब्बांची वही आणि आपाचा हिस्सा

अब्बांच्या इंतकालाला तीन आठवडे झाले होते. घरी येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली होती. कळव्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अम्मी आतल्या खोलीत इद्दतीत होती आणि आम्ही दोघे भाऊ अब्बांचे लोखंडी कपाट उघडून कागद लावत बसलो होतो. महापालिकेतून मृत्यूचा दाखला मिळाला होता. पुढे काय करायचे, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

कपाटात सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट होते. नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव. बँकेच्या नऊ लाखांच्या ठेवींच्या पावत्या होत्या, त्यांना नॉमिनी कोणीच नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या गावच्या थोड्या जमिनीचा सातबारा होता. आणि एक वही होती. तिच्या शेवटच्या पानावर अब्बांनी लिहिले होते, की कळव्याचे घर दोन्ही मुलांनी घ्यावे. खाली सही, बाजूला एका मित्राची साक्ष. आपाचे नाव त्या पानावर नव्हते. आपा आम्हा दोघांहून मोठी, लग्न होऊन भिवंडीला असते.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर सल्ले सुरू झाले. ‘वसीयत आहे ना, मग प्रोबेट करावं लागेल,’ असे एकाने सांगितले. कोणीतरी ठाण्यातल्या एका वकिलाकडे पाठवले. त्यांनी कागद चाळले आणि साठ हजार सांगितले, कोर्ट फी वेगळी. वसीयत, बँक, सोसायटी, गावची जमीन, सगळे तेच पाहणार. उठताना म्हणाले, ‘बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊन ठेवू. म्हणजे पुढे कटकट नाही.’

खरे सांगायचे तर ते वाक्य आम्हाला खटकले नाही. सोयीचे वाटले. घरी येईपर्यंत आमची चर्चा एवढीच होती, की साठ हजार द्यायचे की धावपळ स्वतः करायची.

अम्मीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘आपाला विचारलंत का?’

आम्ही गप्प बसलो. ‘मग वकिलाचं नंतर बघा,’ ती म्हणाली.

आमच्या इमारतीत न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार राहतात. त्यांनी वाट दाखवली. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्ट नाका. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. अम्मीच्या सहीचा अर्ज घेऊन आम्ही गेलो. तिथल्या वकिलांनी एकेक कागद वेगळा केला आणि आमचा गुंताही तसाच सुटत गेला.

पहिली गोष्ट प्रोबेटची. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातली प्रोबेटची सक्ती मुसलमानांच्या वसीयतीला लागू नव्हतीच. दुसरी गोष्ट वहीतल्या पानाची. आम्ही हनफी. वसीयत करायची ती जास्तीत जास्त एक तृतीयांश मालमत्तेची, तीही वारस नसलेल्यासाठी. वारसालाच वसीयतीने काही द्यायचे तर मय्यतीनंतर बाकीच्या वारसांची संमती हवी. म्हणजे ते पान अब्बांची इच्छा सांगत होते, आम्हाला हक्क देत नव्हते.

तिसरी गोष्ट नॉमिनीची. नॉमिनी मालक नसतो, रक्कम वारसांपर्यंत पोहोचवणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच विम्याच्या एका प्रकरणात सांगितले आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातले कलम १५४ब-१३ सुद्धा नॉमिनीला तात्पुरता सभासद करते, खरे वारस ठरेपर्यंत. थोरल्याला तोवर वाटत होते, की घर आपल्या नावावर झाल्यातच जमा आहे.

बँकेचे काम तर आमचे आम्हीच करू शकत होतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसला, वसीयत नसली आणि वारसांत वाद नसला, तर पंधरा लाखांपर्यंतच्या रकमेसाठी कोर्टाचा वारसा दाखला मागायचा नाही. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा पाच लाख आहे. आमच्याकडे वहीतले पान होते, म्हणून आम्ही ते बँकेला दाखवले आणि कोणीही त्यावर हक्क सांगत नाही असे सगळ्यांनी लिहून दिले. दाव्याचा अर्ज, दाखला, ओळखपत्रे आणि हमीपत्र लागले. गावच्या जमिनीची वारस नोंद तलाठ्याकडे होते. तीन महिन्यांत कळवायचे असते.

उरले घर. त्यासाठी वारस दाखला घ्यावा असे ठरले, म्हणजे पुढे विकताना अडचण नको. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. अर्ज केल्यावर जाहीर नोटीस निघते, हरकतीसाठी एक महिना असतो. पण हा दाखला वारस कोण एवढेच सांगतो. वाटण्या करून देत नाही.

वाटण्या सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत आहेत, आणि त्याही कर्ज आणि वसीयत भागल्यानंतर. कर्जात पहिले निघाले अम्मीचे मेहेर. निकाहनाम्यात लिहिलेले, कधी न दिलेले. अम्मी हसून म्हणाली, ‘राहू दे.’ आम्ही ते बाजूला काढून तिच्या हातात ठेवले. मग मांडले: अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. दादा-दादी आधीच गेलेले. चाळीस भाग केले तर अम्मीचे पाच, आमचे चौदा-चौदा, आपाचे सात.

पुढच्या रविवारी आपा आली. आम्ही वही तिच्यासमोर ठेवली आणि त्याखाली हा हिशेबाचा कागद. तिने अब्बांचे पान दोनदा वाचले. बराच वेळ काही बोलली नाही. आम्हाला वाटले, ती ‘मला काही नको’ म्हणेल. बहिणी असेच म्हणतात, आणि भाऊ ते ऐकायला तयारच बसलेले असतात.

‘माझे सात मला हवेत,’ आपा म्हणाली. ‘पण अम्मी आहे तोवर घर विकायचं नाही. आणि तिच्या खोलीला कोणी हात लावायचा नाही.’

अम्मीने डोळ्यांना पदर लावला. धाकट्याने उठून चहा ठेवला. त्या दिवसापर्यंत आम्ही आपाशी पैशाबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आले.

राहिला वकिलाचा प्रश्न. अम्मी अर्जदार झाली असती तर वकील मोफत मिळाला असता. पण ती म्हणाली, ‘आपल्याला परवडतंय. ती मदत जिच्याकडे काहीच नाही तिच्यासाठी राहू दे.’ म्हणून आम्ही पैसे देऊनच वकील केला, पण फक्त वारस दाखल्यापुरता. वकीलबाई आपाने शोधल्या. अठरा हजार ठरले, तेही हिश्शांच्या प्रमाणात वाटून घेतले. बँक आणि तलाठी आम्ही दोघांनी सुट्ट्या टाकून केले. बँकेत तीन खेपा झाल्या. अम्मीचे चार महिने दहा दिवस पूर्ण झाल्यावर ती स्वतः कोर्टात सहीला आली.

आता दाखल्यावर चार नावे आहेत. आमच्यासारख्या घरांना एवढेच सांगावेसे वाटते: वकिलाला पैसे द्यायला हरकत नाही, जिथे कोर्टाचे काम आहे तिथे जरूर द्यावेत. पण त्याच्याकडे जाण्याआधी घरातले सगळे वारस, बहिणी धरून, एका चटईवर बसवा आणि हिशेब कागदावर मांडा. ते काम कोणी फी घेऊन करून देत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी आपापल्या खात्यांचे नॉमिनी तपासले. थोरल्याच्या एका खात्यावर अजून अब्बांचेच नाव होते.