चांदी वाचायला शिकवणारे गुरुजी

नेदरलँड्समधल्या स्खोनहोव्हन गावच्या एका वृद्ध सोनारांनी मला जुन्या काट्या-चमच्यांवरचे ठसे वाचायला शिकवले. त्यांचं-माझं नातं ना रक्ताचं, ना भाषेचं. तरी आज कुणी पणजीचा चमचा पुढे करून ‘हा कुणी घडवला, कधी?’ असं विचारलं, तर मी जे सांगते ते सगळं त्यांचं देणं आहे.

मी हुपरीची. चांदीची भट्टी, टंच, पैंजणाच्या कड्या यांतच वाढले. लग्नानंतर स्खोनहोव्हनजवळ राहायला आले आणि शतकानुशतकं चांदी घडवणारं ते गाव पाहून माहेर भेटल्यासारखं झालं. गुरुजींनी माझ्या पायातले पैंजण निरखले, एकेक कडी पाहिली आणि म्हणाले, ‘शनिवारी येत जा.’

त्यांची शिस्त एकच होती: घडवणाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी. आधी टंच बघायचा. १८१४ ते १९५३ या काळातल्या डच चांदीवर चालता सिंह आणि २ हा आकडा असेल, तर हजारात ८३३ भाग चांदी. मागच्या पायांवर उभा सिंह आणि १ हा आकडा म्हणजे ९३४. मग शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवी. तिथलं बारीक अक्षर चांदी कुठल्या सरकारी कचेरीत तपासली ते सांगतं. मग वर्षाचं अक्षर. हे अक्षर दरवर्षी बदले आणि २५ वर्षांनी माळ पुन्हा सुरू होई. १८३५, १८६० आणि १८८५ या तिन्ही वर्षांचं अक्षर ‘ए’च, म्हणून त्याचं वळण आणि भोवतालची चौकट ओळखावी लागते.

एवढं झालं, की भिंगाखाली घडवणाऱ्याची आद्याक्षरं, सोबतची खूण, आणि नोंदींच्या ग्रंथांत त्यांचा शोध. चहाच्या चमच्यासारख्या लहान वस्तूवर बहुधा टंचाची छोटी तलवार आणि कारागिराची खूण एवढंच असतं. तिथे त्या कारागिराने कोणत्या काळात काम केलं, यावरूनच वय ठरतं. कुऱ्हाडीचा ठसा दिसला, तर ते सावध करत. १८५३ ते १९२७ या काळात जुनी चांदी पुन्हा विक्रीला आली, की तो उमटवत. वस्तू त्याहून जुनी.

एका गोष्टीसाठी मी त्यांच्यापुढे कायम नतमस्तक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याच गावात जुन्या घाटाची चांदी घडवून तिच्यावर जुन्यासारखे दिसणारे ठसे मारले जात. हे त्यांनी मला स्वतःहून, खुणांसकट दाखवलं. गावाचा अभिमान त्यांना होताच. खरं सांगणं हा त्या अभिमानाचाच भाग होता.

गुरुजी आता नाहीत. आमच्या घरच्या पैंजणांवर घडवणाऱ्याचं नाव कधीच नव्हतं. म्हणून हुपरीला गेले, की मी काकांना, आत्यांना विचारते: ही घडण कुणाची, हा साचा कुणी केला, कड्या कुणी जोडल्या? घरी बसून कड्या जोडणाऱ्या बायकांची नावंही वहीत लिहिते. जिथे खात्री आहे तिथे साल घालते. जिथे नाही, तिथे ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहिते. गुरुजींचं ऋण फेडायची हीच रीत मला ठाऊक आहे.